टॉवेल-चादरीच्या वेबसाइटसाठी कोणत्या ओपन सोर्स लायब्ररी घ्यायच्या आणि कोणत्या सोडायच्या

प्रश्न विचारणारा मुलगा इथलाच, सोलापुरात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. मामांचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल आणि चादरीचा कारखाना आहे, त्यांच्यासाठी वेबसाइट करतोय. साधारण ६० प्रॉडक्ट, मराठी तेलुगू इंग्रजी अशा तीन भाषा, ऑर्डर व्हॉट्सॲपवर आणि कोटेशनची पीडीएफ निघाली पाहिजे. त्यासाठी रिॲक्ट (स्क्रीन बनवायला), रिडक्स (पानावरची बदलती माहिती म्हणजे स्टेट सांभाळायला), मोमेंट (तारखांना), ॲक्सिऑस (सर्व्हरवरून माहिती आणायला), लोडॅश (छोटी कामाची फंक्शन), जेएसपीडीएफ, एक स्लायडर, मोंगोडीबी (डेटाबेस) अशी २२ नावं लिहिलीत आणि विचारलंय की हे बरोबर आहे का, आणि अनुभवी लोक लायब्ररी निवडताना नेमकं काय बघतात.

तर ऐक. लायब्ररी म्हणजे दुसऱ्यानं लिहून ठेवलेला तयार कोड, तो पॅकेज म्हणून आपल्या प्रोजेक्टमध्ये येतो, आणि ओपन सोर्स म्हणजे तो कुणालाही बघता, वापरता, बदलता येतो. यातली एकही लायब्ररी वाईट नाही, पण तुझ्या कामाला यातल्या बहुतेक लागतच नाहीत. आधी एक कर, प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जाऊन सगळी पॅकेजेस मोज, वर लिहिलेली नाही, त्यांच्या आत आलेली सगळी. आठशे-हजार निघाली तर दचकू नको, आजकाल तसंच होतंय. पण मग स्वतःला विचार की या हजार पॅकेजपैकी उद्या एक बिघडलं तर मामांची साइट कोण सरळ करणार, तू तोपर्यंत पुण्यात नोकरीला गेलेला असशील.

माझे वडील यंत्रमागावर होते. सुताची गाठोडी आली की मुकादम आधी चार ठिकाणचा धागा काढून ओढून बघायचे, काउंट, म्हणजे धाग्याची जाडी, बरोबर आहे का, मध्येच तुटतोय का, आणि मगच माल आत. कारण एकदा बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, भरून मागावर चढला की मग तुटका धागा जोडत बसायचा खर्च मालकाचाच असतो. मी २००९ पासून वेबचं काम करतोय आणि लायब्ररी घेताना अजून तीच सवय आहे, आत घ्यायच्या आधी ओढून बघायचं.

सगळ्यात पहिलं बघायचं ते हे, की ही लायब्ररी कुठल्या दुखण्यावर निघाली होती आणि ते दुखणं मला आहे का. जेक्वेरी २००६ ला आली तेव्हा प्रत्येक ब्राउझर आपापलं वेगळं वागायचा, एकच गोष्ट तीन तऱ्हेनं लिहायला लागायची, जॉन रेसिगनं ती कटकट संपवली आणि आमच्यासारख्या कितीतरी जणांचं पोट त्यावर चाललं. पण त्यातलं बहुतेक आता ब्राउझरमध्येच आलंय, तयार डिझाइन देणाऱ्या बूटस्ट्रॅपनंसुद्धा २०२१ ला पाचव्या व्हर्जनमध्ये जेक्वेरी काढून टाकली. मोमेंटचं तर त्यांच्या टीमनंच सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर केलं की नवीन प्रोजेक्टला आमची लायब्ररी वापरू नका, आता यात नवीन काही येणार नाही. स्वतःच्या हातानं वाढवलेल्या कामाबद्दल असं सांगायला मोठं मन लागतं, मला त्या लोकांबद्दल फार आदर आहे. आणि तुझ्या यादीत ती अजून आहे, का तर कुठल्यातरी जुन्या व्हिडिओत होती. ॲक्सिऑसच्या जागी ब्राउझरमधलं फेच चालतंय, लोडॅशमधली तू वापरलेली तीन फंक्शन साध्या जावास्क्रिप्टमध्ये आहेत. रिडक्स २०१५ चं, डॅन अब्रामोव आणि अँड्र्यू क्लार्क यांचं, आणि डॅननं स्वतः पुढच्याच वर्षी लिहून ठेवलं की प्रत्येकाला याची गरज पडत नाही. तुझ्या साइटवर लॉगिन नाही, कार्ट नाही, मग कुठली स्टेट सांभाळायचीय तुला?

स्लायडर पण काढ. चार फोटो आडवे सरकवायला सीएसएसमधलं स्क्रोल स्नॅप पुरतं, बोटानं सरकवलं की बरोबर फोटोवर येऊन थांबतं. आणि व्हॉट्सॲपच्या बटणाला कुठलं पॅकेज घेतलंयस ते बघून खरंच वाईट वाटलं, ती एक साधी लिंक असते, नंबर आणि आधीच भरलेला मेसेज, झालं.

मग करायचं कसं. तुझी ६० प्रॉडक्ट गुणिले तीन भाषा म्हणजे १८० पानं. ही १८० पानं आधीच तयार करून ठेवता येतात, रोज बदलत नाहीत. याला स्टॅटिक साइट जनरेटर म्हणतात, इलेव्हंटी घे किंवा ॲस्ट्रो घे, ह्यूगो पण चांगलं आहे आणि फार फास्ट. रिॲक्टच यायला लागतंय तर ॲस्ट्रोमध्ये एखाद्या कोपऱ्यापुरतं रिॲक्ट ठेवता येतं. प्रॉडक्टची यादी मामांचे दिवाणजी स्प्रेडशीटमध्ये ठेवतातच, तीच सीएसव्ही करून घे आणि त्यातून पानं बनव. डेटाबेस नाही, सर्व्हर नाही, रात्री दोनला काही बंद पडायचं कारणच नाही. पुढं कधी डेटाबेस लागलाच तर एसक्यूलाइट घे, ते पब्लिक डोमेनमध्ये आहे आणि एका फाइलमध्ये मावतं. मोंगोडीबीबद्दल एक सांगतो, तू त्याला ओपन सोर्स लिहिलंयस पण ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांनी लायसन्स बदललं आणि त्या नव्या लायसन्सला ओपन सोर्स कशाला म्हणायचं ते ठरवणाऱ्या ओपन सोर्स इनिशिएटिव्हची मान्यता नाही. तुझ्या वापराला त्यानं काही अडत नाही, पण शब्द बरोबर वापरावा.

आता माझी एक गोष्ट सांगतो म्हणजे पुढचं पटेल. २०१८ ला मी नवी पेठेतल्या एका कपड्याच्या दुकानाची साइट केली होती, देखणी झाली होती, मी पण खूश. २०२१ ला दिवाळीच्या तोंडावर मालकांचा फोन आला की फक्त फोन नंबर बदलायचाय. मी म्हटलं पाच मिनिटात करतो. नव्या लॅपटॉपवर पॅकेज उतरवून घेणारी एनपीएम इन्स्टॉल ही कमांड मारली आणि स्क्रीन लाल. स्टाइल कंपाइल करणारं जुनं पॅकेज नवीन नोडवर (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवतं ते) चालेना, ते नवीन केलं तर दुसरंच अडायचं, असं करत दोन दिवस गेले, सीझनचे दोन दिवस, आणि तिकडे गिऱ्हाईक जुन्या बंद नंबरवर फोन लावतायत. चूक कुणा लायब्ररीवाल्याची नव्हती, माझी होती. लॉक फाइल, म्हणजे कुठल्या पॅकेजचं नेमकं कुठलं व्हर्जन घेतलं त्याची यादी, मी गिटमध्ये (कोडमधले बदल नोंदवून ठेवतं त्यात) टाकलीच नव्हती आणि नोडचं कुठलं व्हर्जन वापरलं ते कुठंच लिहिलं नव्हतं. ते मालक एक शब्द वाकडा बोलले नाहीत, त्यामुळं जास्त लागलं.

म्हणून पॅकेज-लॉक फाइल गिटमध्ये गेलीच पाहिजे, नोडचं व्हर्जन लिहून ठेवलं पाहिजे, आणि बिल्ड करताना, म्हणजे कोडमधून साइट तयार करताना, एनपीएम इन्स्टॉल नाही तर एनपीएम सीआय वापरायचं, ते लॉक फाइलमध्ये आहे तेच आणि तेवढंच आणतं. हे तीन केलंस तर तीन वर्षांनी पण तुझी साइट उघडून बदलता येईल.

लायब्ररी ओढून बघायची म्हणजे काय बघायचं तेही सांगतो. गिटहबवरचे स्टार बघून भुलू नको, स्टार म्हणजे कुणीतरी कधीतरी आवडलं म्हणून दाबलेलं बटण. इश्यूमध्ये जा, लोकांनी काय तक्रारी केल्यात आणि उत्तर कोण देतंय, कसं देतंय ते वाच. चार-पाच माणसं बघतायत का एकटाच जीव ओढतोय. नवीन व्हर्जन काढताना काय बदललं ते नीट लिहितात का. त्याच्या आत अजून किती पॅकेज येतात. शेवटचा बदल कधीचा आहे हे सगळे बघतात पण त्यात एक गोम आहे, काही छोट्या लायब्ररी पूर्ण झालेल्या असतात, त्यात वर्षभर काही बदललं नाही म्हणून ती मेली असं नसतं. उलट दर महिन्याला सगळं मोडून नवीन करणारी लायब्ररी मला जास्त भीती दाखवते.

एकटा माणूस का बघायचा? कारण बहुतेक घोळ तिथूनच झालेत, आणि त्या माणसांना दोष द्यायला जीभ वळत नाही. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकानं एका नावाच्या भांडणातून एनपीएमवरून काढून घेतलं आणि जगभर बिल्ड पडले, मोठमोठ्या प्रोजेक्टचे. ११ ओळी. नंतर २०१८ ला इव्हेंट-स्ट्रीमचं झालं, मूळ लेखकाला त्यात आता रस नव्हता, एक अनोळखी माणूस म्हणाला मी सांभाळतो, यानं विश्वासानं चाव्या दिल्या, आणि त्यानं आत बिटकॉइनच्या वॉलेटवर डोळा ठेवणारा कोड घुसवला. फुकट काम करून थकलेल्या माणसानं मदत करतो म्हणणाऱ्याला नाही तरी कसं म्हणायचं? सप्टेंबर २०२५ मध्ये तर चॉक आणि डीबग यांसारखी जवळजवळ प्रत्येक प्रोजेक्टच्या पोटात असणारी १८ पॅकेज एका खोट्या ईमेलमुळं बिघडवली गेली, ती सांभाळणाऱ्या माणसाला, म्हणजे मेंटेनरला, वाटलं मेल एनपीएमकडूनच आलाय. काही तासात लक्षात आलं हे नशीब. तेव्हापासून मी नवीन व्हर्जन ज्या दिवशी आलं त्या दिवशी घेत नाही, आठ-दहा दिवस जाऊ देतो, फक्त सिक्युरिटीचा अपडेट असेल तर वाचून लगेच घेतो.

आणि दुसऱ्याच्या सर्व्हरवरून स्क्रिप्ट ओढायची सवय सोड. जुन्या ब्राउझरना नव्या सोयी देणारी स्क्रिप्ट पुरवणारं पॉलिफिल डॉट आयओ हे डोमेन २०२४ मध्ये दुसऱ्यांच्या हातात गेलं आणि त्याच स्क्रिप्टमधून एक लाखाहून जास्त साइटवर भलताच कोड पोचला, त्या साइटवाल्यांनी स्वतः काहीच बदललं नव्हतं. जे वापरायचंय त्याची फाइल आपल्या फोल्डरमध्ये ठेव, फॉन्टसुद्धा.

आता मराठी आणि तेलुगूबद्दल, इथं मी जरा जास्तच बोलणार आहे कारण यात आपल्याइतकं लक्ष दुसरं कुणी घालणार नाही. तुझ्या यादीतलं जेएसपीडीएफ घेऊन एक कोटेशन आत्ता काढ आणि त्यात "किंमत" आणि "स्ट्राइप" लिहून बघ. पहिल्या वेलांट्या भलत्याच जागी जातील, जोडाक्षरं सुटी सुटी पाय मोडलेली दिसतील. देवनागरीत अक्षर लिहिलं म्हणजे झालं नाही, कुठली मात्रा कुठं बसायची, स आणि ट जोडून कसे दिसायचे हे फॉन्टच्या आतल्या नियमांवरून ठरवावं लागतं, त्याला शेपिंग म्हणतात. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड यांच्यात हे काम हार्फबझ नावाची ओपन सोर्स लायब्ररी करते, आपण मोबाइलवर रोज जे मराठी वाचतो ते तिच्यामुळं नीट दिसतंय. जेएसपीडीएफ हे शेपिंग करत नाही. म्हणून कोटेशनचं साधं एचटीएमएल पान कर, प्रिंटची वेगळी सीएसएस लिही आणि ब्राउझरलाच पीडीएफ करू दे, किंवा पुढं ऑटोमॅटिक पाहिजे असेल तर कोडमधून ब्राउझर चालवणाऱ्या प्लेराइट किंवा पपेटिअरनं. शेपिंग ब्राउझर करतो, तुला काही करायला लागत नाही, तेलुगू पण बरोबर येतं.

सीएसएसमध्ये मराठीला लेटर स्पेसिंग देऊ नको, शिरोरेषा तुटते, "चादर" ची तीन तुकड्यांची पाटी होते. इंग्रजी थीमची लाइन हाइट देवनागरीला कमी पडते, वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात, दीडच्या पुढंच ठेव आणि "पूर्ण" "र्‍हस्व" "कृपया" असले शब्द लिहून मोबाइलवर बघ. पानाच्या एचटीएमएल टॅगला लँग एमआर लाव, तेलुगू पानाला टीई, पान वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला आणि फॉन्टला दोघांना ते लागतं, मराठी ल आणि श हिंदीपेक्षा वेगळे असतात आणि काही फॉन्ट ही भाषा बघूनच आपला आकार देतात. फॉन्टमध्ये मुक्त चांगला आहे, मुंबईच्या एक टाइपचा, त्यांचाच बालू पण आहे, त्याच कुटुंबात तेलुगूला बालू तम्मुडू आणि कन्नडला बालू तम्मा आहे. आपल्या गावात एकाच बोळात तिन्ही भाषा बोलल्या जातात, तिन्हींच्या पाट्या एका घरातल्या दिसल्या की काय छान वाटतं ते करून बघ. हेडिंगला बालू घे, बारीक मजकुराला मुक्त आणि नोटो सान्स तेलुगू. हे सगळे ओपन फॉन्ट लायसन्सवर आहेत, धंद्याच्या साइटला बिनधास्त वापरता येतात.

शोध आणि लिंकांमध्ये अजून एक फसगत होते. प्रॉडक्टच्या नावाचा स्लग, म्हणजे लिंकमध्ये येणारा तुकडा, बनवणाऱ्या बऱ्याच लायब्ररी ए टू झेड सोडून बाकी सगळं उडवतात, मराठी नाव दिलं की हातात रिकामी ओळ येते. मग मुलं रेग्युलर एक्सप्रेशनमध्ये (कुठली अक्षरं ठेवायची तो नियम) युनिकोडची लेटर कॅटेगरी टाकतात आणि वाटतं झालं, पण आपल्या मात्रा लेटरमध्ये धरलेल्या नाहीत, त्या मार्क नावाच्या वेगळ्या कॅटेगरीत आहेत, त्यामुळं "चादर" ची "चदर" होते. दोन्ही घ्यायला लागतात. अक्षरं मोजतानाही तसंच, "सोलापूर" ची लांबी जावास्क्रिप्ट ७ सांगतं, आपण सो ला पू र असं ४ मोजतो, त्यासाठी ब्राउझरमधलंच इंटल सेगमेंटर आहे. त्याच इंटलमध्ये नंबर फॉरमॅट आहे, मराठी-भारत सांगितलं की १२५००० चे आपोआप १,२५,००० होतात, लाख-हजाराच्या स्वल्पविरामासकट आणि देवनागरी आकड्यात. मामांना इंग्रजी आकडे पाहिजे असतील तर एक ऑप्शन बदलायचा, व्यापाऱ्यांना बहुतेक तेच लागतात. यातल्या कशालाच पॅकेज लागत नाही. आणि ६० प्रॉडक्टच्या सर्चला सर्च इंजिन नको, साधा फिल्टर कर, फक्त प्रत्येक प्रॉडक्टपुढं लोक जसं जसं लिहितात ते सगळं ठेव, चादर, चद्दर, इंग्रजी अक्षरातलं पण, कारण मोबाइलवर निम्मे लोक इंग्रजी अक्षरातच मराठी लिहितात.

फोटोंना मात्र लायब्ररी घे, शार्प नावाची. कारखान्यात मोबाइलवर काढलेला एकेक फोटो पाच-पाच एमबीचा असतोय, शार्प त्याचे लहान वेबपी किंवा ॲव्हिफ करून देतं, इलेव्हंटीच्या इमेज प्लगिनमध्ये तेच आहे. चादरीचं टेक्श्चर दिसलं पाहिजे म्हणून क्वालिटी फार खाली नेऊ नको, एक मोठा क्लोजअप ठेव जो दाबल्यावरच उघडेल. पत्त्याला नकाशा पाहिजे असेल तर लीफलेट, हलकं आहे, ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा लावलास तर त्यांचं नाव कोपऱ्यात ठेवायचं, ते काढायचं नाही.

लायसन्सचं थोडक्यात. एमआयटी, बीएसडी, अपाचे यांना तुझ्या कामात काही अडचण नाही, नोटीस ठेवायची. जीपीएलमध्ये बदल करून दुसऱ्याला सॉफ्टवेअर दिलंस तर सोर्स त्याच लायसन्सनं द्यावा लागतो, एजीपीएलमध्ये नेटवरून वापरायला दिलं तरी. गिटहबवर कोड दिसतोय पण लायसन्सची फाइलच नाही, म्हणजे वापरायची परवानगी नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. रिॲक्टला सुद्धा आधी पेटंटचं एक कलम होतं, लोकांनी ओरड केली तेव्हा सप्टेंबर २०१७ मध्ये ते एमआयटीवर आले. आणि कुणी मित्र पेड थीमची नल्ड, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडलेली, कॉपी देतो म्हणाला तर हात लावू नको. ओपन सोर्सचा आणि तिचा काही संबंध नाही, ती चोरी आहे आणि आत बहुतेक वेळा कुणीतरी काहीतरी पेरून ठेवलेलं असतंय, अशा साइट साफ करण्यात माझे कितीतरी रविवार गेलेत.

मामा पुढं म्हणतील की स्टॉक आणि बिलं पण यात घाल. तेव्हा स्वतः लिहायला बसू नको, ईआरपीनेक्स्ट बघ, स्टॉक-बिलांचं तयार सॉफ्टवेअर, मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं आहे, जीपीएल तीनवर, भारतातल्या जीएसटीचं पण त्याच्यासाठी ओपन सोर्स ॲप आहे. ते चालवायला सर्व्हर आणि सांभाळायला माणूस लागतो, त्याचे पैसे आधी बोलून घे.

पैशावरनं आठवलं. तू मामांकडनं कमी-जास्त घेशीलच, त्यातले थोडे ज्या लायब्ररीवर साइट उभी आहे तिला दे, नसतील तर वेळ दे. मराठीत जिथं जिथं मोडतंय तिथं स्क्रीनशॉट काढून, कुठला शब्द, कुठला फॉन्ट, काय दिसायला पाहिजे आणि काय दिसतंय असा इश्यू लिही. तिकडच्या माणसाला देवनागरी वाचता येत नाही, त्याला चूक दिसतच नाही, दाखवणारा माणूस आपल्यातलाच लागतो. मोठ्या लोकांनी पण सुरू केलंय, शेअर ब्रोकर कंपनी झेरोधानं २०२४ मध्ये ओपन सोर्स प्रोजेक्टसाठी वर्षाला १० लाख डॉलर द्यायचा फंड काढलाय, पण इश्यू लिहायला फंड लागत नाही.

तर आता यादी छोटी कर, इलेव्हंटी, शार्प, दोन-तीन फॉन्ट, वाटलं तर लीफलेट. एवढ्यावर पहिली दहा प्रॉडक्ट टाक आणि कारखान्यातल्या एखाद्या जुन्या साध्या मोबाइलवर, तिथल्याच नेटवर उघडून बघ, तुझ्या लॅपटॉपवर नको. डोमेन मामांच्या नावावर आणि त्यांच्या ईमेलवर घे, तुझ्या नको. कोटेशनची पीडीएफ मात्र आजच काढून बघ, आणि वेलांट्या कुठं जातात त्याचा फोटो मला पाठव.